फ्लशिंगमध्ये नव्याने आलात? शेजार जोडायची सुरुवात इथून करा

पुण्याहून, नाशिकहून किंवा बंगळुरूच्या ऑफिसातून बदली होऊन एखादं मराठी कुटुंब न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात येतं, तेव्हा त्याची पहिली सोय पटकन लागते. जॅक्सन हाइट्सला ७४व्या रस्त्यावर किराणा मिळतो, फ्लशिंगला गणपतीचं देऊळ आहे, मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ऑफिसात दोन-तीन आपले लोक असतात. एवढ्यावर वर्ष निघून जातं. आणि वर्षानंतरही समोरच्या दारातल्या कोरियन आजींचं नाव माहीत नसतं. क्वीन्समध्ये सुमारे २४ लाख लोक राहतात आणि त्यांतले जवळपास निम्मे अमेरिकेबाहेर जन्मले आहेत. अशा ठिकाणी येऊन फक्त आपल्याच माणसांत राहणं मला फार मोठं नुकसान वाटतं, आपलं आणि मुलांचंही.

त्यासाठी काय करायचं ते पुढे क्रमाने लिहिलं आहे. माझा भर सण-समारंभांवर कमी आहे. वर्षातून एकदा लेझीम दाखवून टाळ्या मिळतात, आणि त्यात वाईट काहीच नाही. पण शेजार जुळतो तो बर्फ काढताना, लॉन्ड्रीत, शाळेच्या मीटिंगला. तिथे आपण पाहुणे नसतो, कामाला लागलेली माणसं असतो.

पहिलं पाऊल: बाउन स्ट्रीट पायी चाला

कुठल्याही मोकळ्या रविवारी ७ नंबरची ट्रेन घेऊन फ्लशिंग-मेन स्ट्रीटला उतरा आणि बाउन स्ट्रीटवर जा. ३७व्या ॲव्हेन्यूपाशी जॉन बाउन यांचं जुनं लाकडी घर आहे, १६६१च्या सुमाराचं. तिथून दक्षिणेला चालत निघालात की वीस-पंचवीस मिनिटांत श्री महावल्लभ गणपती देवस्थान येतं. अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या हिंदू देवळांपैकी हे एक. ४ जुलै १९७७ रोजी त्याची प्रतिष्ठापना झाली. तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा खायला चिनी, लॅटिनो, ज्यू, सगळे रांगेत उभे असतात. वाटेत आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर चर्च, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), मशीद, गुरुद्वारा, सगळं लागतं.

हे सगळं एका गावात का जमलं, याची एक मुळाशी असलेली गोष्ट नव्या माणसाने ऐकायलाच हवी. सतराव्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्क डचांकडे होतं. गव्हर्नर पीटर स्टाइव्हसंट याने हुकूम काढला की क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना कोणी घरात थारा द्यायचा नाही. फ्लशिंगच्या ३० गावकऱ्यांनी २७ डिसेंबर १६५७ रोजी त्याला लेखी कळवलं की हा हुकूम आम्हाला पाळता येणार नाही. सही करणारे स्वतः क्वेकर नव्हते. आपल्या दाराशी आलेल्या माणसाला हाकलायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि त्या पत्रात त्यांनी ज्यू आणि तुर्कांचाही उल्लेख केला. त्यांच्यातल्या काहींना तुरुंगात जावं लागलं. पुढे १६६२ मध्ये जॉन बाउन यांना घरात क्वेकरांची प्रार्थना होऊ दिली म्हणून पकडून हद्दपार केलं. ते ॲमस्टरडॅमला गेले, ही वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीपुढे आपली बाजू मांडली, आणि १६६३ मध्ये कंपनीने स्टाइव्हसंटला लोकांच्या श्रद्धेत ढवळाढवळ न करण्याची ताकीद दिली.

म्हणजे ज्या रस्त्यावर आज आपण मोदक घेऊन जातो, त्या रस्त्याला नावच अशा माणसाचं आहे. आणि सही करणारे ते गावकरी दुसऱ्याच्या धर्मासाठी उभे राहिलेले शेजारी होते, म्हणून माझ्या लेखी या परिसरातलं ते सगळ्यांत मोठं तीर्थ आहे.

दुसरं पाऊल: बिल्डिंगमधलं वागणं

खरी परीक्षा इथे असते, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात 'सुपर'ला भेटा. सुपर म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस. गळका नळ, हीटर, कचरा, सगळं त्याच्याकडे. त्याचं नाव विचारा, आपलं सांगा, आणि त्याला नावाने हाक मारा. आपल्याकडे वॉचमनला नुसतं 'ए भैया' म्हणायची सवय असते, ती इथे आणू नका. डिसेंबरात भाडेकरू सुपरला आणि डोअरमनला पाकिटात थोडी रोख रक्कम आणि शुभेच्छापत्र देतात. तुम्हीही द्या.

दारं समोरासमोर असली तरी इथे कोणी न सांगता आत येत नाही. ओळख करून घ्यायची तर लिफ्टमध्ये 'हाय' म्हणणं ही सुरुवात पुरेशी आहे. दोन-तीनदा असं झालं की नाव सांगा. नाव अवघड वाटलं तर 'परत एकदा सांगाल का, मला नीट म्हणायचंय' असं विचारा. कोणालाही याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. आणि आपलं नाव छोटं करून देण्याची घाई करू नका. ज्ञानेश्वरला 'डॅन' व्हायची गरज नाही. समोरच्याला दोन संधी द्या, जमतं.

फोडणीबद्दल: जुन्या इमारतींत हवा जिन्यातून फिरते, आणि हिंगाचा वास चौथ्या मजल्यापर्यंत जातो. याची लाज वाटून घेऊ नका, पण खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा. समोरच्या घरातून किमचीचा किंवा सुक्या माशांचा वास आला तर तोंड वाकडं करायचा अधिकारही मग आपल्याला उरत नाही. शाकाहारी घरांना हे खास सांगते. मुलांनी जिन्यात नाक दाबून 'शी' म्हटलं तर तिथल्या तिथे थांबवा.

सकाळी सहाला मिक्सर नको. लाकडी जमिनीवर मुलांच्या धावण्याचा आवाज खालच्या घरात जसाच्या तसा पोहोचतो, म्हणून जाड गालिचा घाला. बऱ्याच भाडेकरारांत तशी अटही असते. लॉन्ड्रीत मशीन थांबलं की कपडे लगेच काढा. घरी पूजा किंवा बारसं असेल आणि तीस माणसं येणार असतील, तर दोन दिवस आधी वर-खाली सांगून या आणि दुसऱ्या दिवशी डबा द्या. डब्यावर काय आहे ते लिहा.

स्वतंत्र घर भाड्याने घेतलं असेल तर बर्फाची जबाबदारी कोणाची ते करारात बघून घ्या. शहराचा नियम असा: सकाळी सात ते संध्याकाळी पाचच्या आत बर्फ थांबला तर चार तासांत घरासमोरचा फुटपाथ साफ झाला पाहिजे. फावडं हातात आहेच तर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाच्या दारापर्यंत चार हात जास्त मारा. इथे माणसं जोडण्याचा याहून पक्का मार्ग मला माहीत नाही.

देवळातल्या उत्सवाला गाडीने जाणार असाल तर कोणाच्याही ड्राइव्हवेसमोर गाडी लावू नका, 'पाचच मिनिटं' म्हणूनही नाही. दिवाळीला शहर रस्ता झाडण्यासाठीचे पार्किंगचे नियम स्थगित करतं, म्हणजे आपल्या सणाची दखल सगळ्या शहराने घेतली आहे. शेजाऱ्याचं दार अडवून आपण ती परतफेड करायची नाही.

तिसरं पाऊल: माणूस ओळखायला शिका

स्पॅनिश बोलणारा प्रत्येक जण मेक्सिकन नसतो. करोना, एल्महर्स्ट, जॅक्सन हाइट्स भागात इक्वेडोर, कोलंबिया, डोमिनिकन रिपब्लिकमधले लोक मोठ्या संख्येने आहेत आणि ते आपापल्या देशाबद्दल आपल्याइतकेच हळवे आहेत. तसंच चिनी, तैवानी आणि कोरियन यांचं. फ्लशिंगच्या बाजारपेठेत मँडरिन ऐकू येते, पण नॉर्दर्न बुलेव्हार्डने पूर्वेला गेलं की पाट्या कोरियन होतात. आपल्याला कोणी 'तुम्ही सगळे हिंदीच बोलता ना?' म्हटलं की कसं वाटतं, ते आठवा.

'तू मूळचा कुठला?' हा प्रश्न पहिल्या भेटीत टाळा. आपल्याकडे तो आपुलकीचा असतो. गावाचं नाव कळलं की लगेच कोणीतरी नातेवाईक निघतो. इथे मात्र जिचे आजी-आजोबा याच शहरात वाढले अशा चिनी चेहऱ्याच्या मुलीला तोच प्रश्न आयुष्यभर ऐकावा लागलेला असतो, आणि त्याचा अर्थ तिला 'तू इथली नाहीस' असाच लागतो. त्याऐवजी 'या भागात किती वर्षं राहता?' असं विचारा. पगार, लग्न का नाही झालं, मूलबाळ, वजन, हे विषय समोरचा काढेपर्यंत काढू नका.

चौथं पाऊल: लायब्ररी

क्वीन्स पब्लिक लायब्ररीचं कार्ड फुकट आहे. पत्त्याचा आणि ओळखीचा पुरावा घेऊन जा, कार्ड मिळतं. नव्याने आलेल्यांसाठीचा त्यांचा विभाग १९७७ पासून चालू आहे: इंग्रजीचे मोफत वर्ग, नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी, अनेक भाषांतली पुस्तकं. जोडीदाराला नोकरीची परवानगी नसेल आणि घरात कोंडल्यासारखं होत असेल, तर इंग्रजी उत्तम येत असलं तरी संभाषणाच्या गटात जाऊन बसा. तिथे भेटलेल्या तिबेटी, बांगलादेशी, इक्वेडोरच्या बायकांशी ओळख होते ती दोघींनाही हे शहर नवं असताना, आणि म्हणून ती टिकते.

पाचवं पाऊल: शाळा आणि पॉटलक

सरकारी शाळेत 'पॅरेंट कोऑर्डिनेटर' नावाची व्यक्ती असते, पालकांच्या शंकांसाठीच. तिला आधी भेटा. मग पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या, मीटिंगला जा आणि एखादं छोटं, कंटाळवाणं काम मागून घ्या: टेबलं लावणं, पुस्तकविक्रीला दोन तास उभं राहणं. पीटीएचे लोक 'आमच्यासाठी बॉलीवूड डान्स कराल का' असं विचारतीलच. जरूर करा. पण तेवढंच करून थांबू नका, नाहीतर तुम्ही कायम कार्यक्रमातच राहाल आणि निर्णय घेणाऱ्या टेबलावर कधीच बसणार नाही.

शाळेत खाऊ नेण्यापूर्वी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: शेंगदाणा. आपल्या साबुदाण्याच्या खिचडीत, चिक्कीत, चटणीत, कोशिंबिरीत कूट असतंच. इथे अनेक मुलांना शेंगदाण्याची किंवा काजू-बदामाची तीव्र ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते. वर्गात परवानगीशिवाय काहीही वाटू नका, वाढदिवसाचे पेढेसुद्धा नाही.

पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, प्रत्येक पदार्थाजवळ चिठ्ठी ठेवा: काय आहे, दूध-तूप आहे का, दाणे-काजू आहेत का, गहू आहे का. मुसलमान पाहुणे असतील तर जिलेटिनची मिठाई टाळा आणि मांस हलाल आहे की नाही ते स्पष्ट सांगा. काटेकोर कोशर (ज्यूंचे खाण्यापिण्याचे धार्मिक नियम) पाळणारं ज्यू कुटुंब तुमच्या भांड्यातलं काही खाणार नाही, पदार्थ शुद्ध शाकाहारी असला तरी. आग्रह करू नका, वाईट वाटून घेऊ नका; कोशरचा शिक्का असलेलं बंद पाकीट आणि फळं ठेवा. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या आजीच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये.

सहावं पाऊल: दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळी जा

बहुतेक ठिकाणी पाहुण्यांचं स्वागत असतं; आधी फोन करून विचारलं की झालं. गुरुद्वारात डोकं झाकायचं, चपला बाहेर, आणि लंगरमध्ये जमिनीवर पंगतीत बसून जेवायचं. ताटात टाकायचं नाही. मशिदीत चपला काढायच्या, अंगभर कपडे, बायकांनी ओढणी जवळ ठेवायची. सिनेगॉगमध्ये पुरुषांना दाराशी टोपी मिळते ती घालायची, आणि शनिवारच्या प्रार्थनेत फोन बाहेर काढायचा नाही. कॅथलिक चर्चमध्ये कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकरी वाटण्याच्या, वेळी जागेवर बसून राहा, तो प्रसाद समजून घ्यायला जाऊ नका. फ्लशिंगमध्ये क्वेकरांचं १६९४चं प्रार्थनागृह आजही वापरात आहे. तिथल्या प्रार्थनेत सगळे गप्प बसतात. कोणाला आतून काही सांगावंसं वाटलं तरच ते उठून बोलतात.

मग त्यांना आपल्याकडे बोलवा. देवळात आलेल्या पाहुण्याला सगळं समजावून सांगण्याच्या भरात प्रवचन देऊ नका.

सातवं पाऊल: आपल्या मनातला रंग आणि जात

हे लिहिताना मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते, कारण आपल्या घरगुती गप्पांत याबद्दल उघड बोललं जात नाही. नव्याने आलेल्यांना अनेकदा पहिल्याच महिन्यात कोणीतरी 'अनुभवी' देशी माणूस सांगतो: अमुक भागात घर घेऊ नका, तिथे काळे राहतात. हा सल्ला ऐकू नका आणि पुढे देऊ नका. घर बघताना शाळा, ट्रेन, भाडं बघा. भाड्याने देणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की १९६८च्या कायद्याने वंश, धर्म, मूळ देश यांवरून घर नाकारायला मनाई आहे. 'फक्त आपल्या लोकांना' ही अट इथे चालत नाही.

आपण इथे आलो कसे, तेही बघू. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व नाकारलं, कारण ते गोरे नाहीत. १९२४च्या कायद्याने आशियातून येण्याची वाट जवळजवळ बंदच केली. ती उघडली १९६५च्या इमिग्रेशन कायद्याने, आणि तो कायदा आला नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेवर, १९६४च्या नागरी हक्क कायद्यापाठोपाठ. त्या चळवळीत रस्त्यावर उतरलेले, मार खाल्लेले, तुरुंगात गेलेले बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते. १९६५चा कायदा मांडणाऱ्यांपैकी एक होते न्यूयॉर्कचेच इमॅन्युएल सेलर. १९२४च्या कायद्याला त्यांनी नवखे खासदार असताना विरोध केला होता, आणि चार दशकांनी तीच दारं उघडायला त्यांनी मदत केली. आपल्या व्हिसामागे ही माणसं आहेत, हे मुलांना सांगा. करोना भागात कृष्णवर्णीय जॅझ संगीतकार लुई आर्मस्ट्राँग यांचं घर आहे. १९४३ पासून १९७१ मध्ये मृत्यू येईपर्यंत जगप्रसिद्ध असूनही ते त्याच साध्या वस्तीत राहिले. आता तिथे संग्रहालय आहे. शनिवारी मुलांना घेऊन जा.

मराठी माणसाला तर याहून जवळचा दुवा आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांपुढे कसं मांडलं जात आहे, ते त्यांना आपल्या लोकांसाठी समजून घ्यायचं होतं. त्यामुळे मंडळाच्या जेवणात आडनावावरून अंदाज बांधणं, 'तुम्ही कोण?' असं विचारणं, हे आपण विमानात बसतानाच मागे ठेवायला हवं होतं. सिएटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. आपल्या वागण्यामुळे असा कायदा करावा लागला, याचं दुःख व्हायला हवं.

आठवं पाऊल: फोन उचलण्याआधी

जीव धोक्यात असेल, आग लागली असेल, गुन्हा घडत असेल तर ९११. शेजारी मोठ्याने गाणी लागली आहेत, गाडी चुकीच्या जागी आहे, हीटर चालू नाही, तर ३११. तिथे दुभाषाही मागता येतो. कोणी मानसिक त्रासात असेल तर ९८८. 'एक काळा मुलगा लॉबीत उभा आहे' हे पोलिसांना बोलवायचं कारण होऊ शकत नाही. तो कुणाची तरी वाट बघत असतो, बहुधा तिथेच राहत असतो. आपल्या एका फोनने त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो, हे या देशाने पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. आवाजाचा त्रास असेल तर आधी दार वाजवून हसतमुखाने सांगा.

कधी आपल्यावरही वेळ येते. १९८७ मध्ये नदीपलीकडे जर्सी सिटीत कपाळावरच्या टिकलीवरून स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवणारी टोळी भारतीयांवर हल्ले करत होती. सप्टेंबर २००१ नंतर पगडीमुळे शिखांना मार बसला, २०२० मध्ये करोनाच्या नावाने चिनी-कोरियन चेहऱ्यांना. असं काही घडलं तर जागा, वेळ, साक्षीदारांची नावं लगेच लिहून ठेवा. शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते, व्हिसा कोणताही असो. दुसऱ्यावर घडताना दिसलं तर हल्लेखोराशी भांडू नका. ज्याला त्रास होतोय त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा, ओळखीचे असल्यासारखे बोलायला लागा, त्याला तिथून बाहेर काढा.

नववं पाऊल: वस्तीच्या कारभारात भाग घ्या

आधी एक गंभीर इशारा. डीएमव्हीत (गाडीचं लायसन्स देणाऱ्या सरकारी ऑफिसात) लायसन्सचा फॉर्म भरताना मतदार नोंदणीबद्दल विचारतात. तुम्ही नागरिक नसाल तर तिथे 'नाही' म्हणा, आणि नागरिक असल्याच्या रकान्यात चुकूनही खूण करू नका. नागरिक असल्याचा खोटा दावा झाला तर ग्रीन कार्ड कायमचं हातचं जाऊ शकतं. स्वयंसेवेबद्दलही एवढंच: एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर अन्नवाटप, बाग साफ करणं, असं जे काम सगळेच विनामोबदला करतात ते निर्धास्त करा. ज्या कामाला तिथे एरवी पगार असतो ते फुकट करणंही अडचणीत आणू शकतं; शंका असेल तर वकिलाला विचारा.

पण नागरिक नसतानाही करण्यासारखं खूप आहे. न्यूयॉर्कमध्ये ५९ कम्युनिटी बोर्ड, म्हणजे वस्तीपातळीवरच्या सल्लागार समित्या, आहेत. फ्लशिंग ७ नंबरच्या बोर्डात येतं. महिन्याची बैठक सर्वांना खुली असते आणि नाव नोंदवलं की दोन-तीन मिनिटं बोलता येतं. सिग्नल हवा, बसथांब्याला छप्पर हवं, अशा मागण्या इथूनच सुरू होतात. पहिल्या बैठकीला फक्त ऐका. चिनी दुकानदार, ज्यू पेन्शनर, कोलंबियन आई एकाच खड्ड्याबद्दल किती वेगवेगळ्या तऱ्हेने बोलतात ते ऐका.

याखेरीज काही नगरसेवक आपल्या विभागात किमान १० लाख डॉलर कुठे खर्च करायचे ते रहिवाशांना ठरवू देतात: शाळेत नवे संगणक, बागेत झाडं, लायब्ररीची दुरुस्ती. त्या मतदानात ११ वर्षं किंवा त्याहून मोठ्या कोणालाही भाग घेता येतो. नागरिकत्व विचारत नाहीत. तुमचा विभाग त्यात आहे का, ते नगरसेवकाच्या ऑफिसात फोन करून विचारा. असेल तर घरातल्या सहावीतल्या मुलाला बरोबर घ्या आणि दोघांनी आपापली मतपत्रिका वेगळी भरा.